सभासदांची आणि प्लॉटची माहिती गोळा करायला कोणता ऑनलाइन फॉर्म घ्यावा?

द्राक्षबाग | रविवार, रात्री ९.१२

नमस्कार मंडळी. दिंडोरी तालुक्यातल्या एका शेतकरी उत्पादक कंपनीचं ऑफिस मी सांभाळते. सभासद साडेचारशेच्या घरात. बहुतेक द्राक्षवाले, थोडे टोमॅटोवाले. गोडी छाटणी (फळासाठी करतात ती) सुरू व्हायच्या आत प्रत्येक सभासदाच्या प्रत्येक प्लॉटची माहिती एका जागी आणायची आहे: गाव, गट नंबर, क्षेत्र, वाण, लागवडीचं वर्ष, पाण्याची सोय, सातबाऱ्याचा फोटो. नंतर छाटणीची तारीखही त्यातच भरायची. तारीख कळली की चार-सव्वाचार महिन्यांनी माल कधी येणार याचा अंदाज लागतो. पॅकहाऊस, मजूर, खरेदीदार सगळं त्यावरच ठरतं.

सध्या हे सगळं दोन रजिस्टरांत आणि व्हॉट्सअ‍ॅपच्या ग्रुपवर विखुरलेलं आहे. आमच्या एका संचालकांनी जाहिरात बघून एक परदेशी फॉर्म-सॉफ्टवेअर सुचवलंय. दिसायला झकास, भाडं डॉलरमध्ये. पैसे भरण्याआधी इथल्या जाणकारांना विचारावं म्हटलं.

काही सभासद स्वतः मोबाइलवर भरतील, बाकीच्यांकडे आमची फिल्डवरची पोरं जातील. काही मळ्यांत रेंजच येत नाही. आणि सगळं मराठीत हवं.

एक्सेलशीट

ताई, डॉलर राहू द्या. गूगल फॉर्म्स फुकट आहे, प्रश्न मराठीत लिहिता येतात, उत्तरं थेट शीटमध्ये येऊन पडतात. 'हो' म्हटलं तर पुढचा भाग, 'नाही' म्हटलं तर सोडून द्या, अशी वाटणीही करता येते. प्रत्येक उत्तराला अट लावता येते. मोबाइल नंबर १० अंकी आणि पहिला अंक ६ ते ९. पिनकोड ६ अंकी, पहिला अंक शून्य नाही. बँकेचा आयएफएससी कोड ११ अक्षरी, पाचवं अक्षर नेहमी शून्य. एवढ्या तीन अटी घातल्या तरी फोन करून दुरुस्त करायचं निम्मं काम वाचतं.

एकच अडचण सांगून ठेवतो. फोटो किंवा फाइल मागितली की भरणाऱ्याला जीमेलने लॉगिन करावं लागतं. ज्याचा फोन नातवाने सुरू करून दिलाय त्याला पासवर्ड माहीत नसतो, आणि फॉर्म तिथेच राहतो. शिवाय ते सगळे फोटो तुमच्याच ड्राइव्हवर साठतात. फुकट खात्याला मेल, ड्राइव्ह, फोटो मिळून १५ जीबी.

खडूस

माझं मत: आधी कागदावर प्रश्न लिहा, मग त्यातले निम्मे खोडा. मी एका सहकारी संस्थेत होतो, तिथे सभासद फॉर्ममध्ये वडिलांचा व्यवसाय विचारत असत. का, हे कुणालाच सांगता यायचं नाही. जुन्या छापील फॉर्मवर होतं म्हणून. तुमच्या यादीत 'पाण्याची सोय' आहे. त्याचं तुम्ही काय करणार? विहीर, बोअर, पालखेडचा कालवा, शेततळं असं कळल्यावर एखादा निर्णय बदलणार असेल तर ठेवा. नसेल तर साडेचारशे लोकांचा वेळ कशाला खाता?

द्राक्षबाग

खडूसकाका, पाण्याचा प्रश्न ठेवते. टंचाईच्या वर्षी कोणाचा प्लॉट धोक्यात आहे ते कळतं. लागवडीचं वर्ष मात्र खोडलं, ते रजिस्टरमध्ये आहेच.

फिरस्ता

जरा लांबण लावतो. माझी बरीच वर्षं नंदुरबार, धडगाव, मेळघाट या भागांत सर्वेक्षणात गेली, त्यामुळे रेंज नसलेल्या जागांचा अनुभव भरपूर आहे.

गूगल फॉर्म इंटरनेटशिवाय चालत नाही. पान उघडलं, अर्धं भरलं आणि रेंज गेली की पुढे काय होईल याचा भरवसा नाही. फिल्डवर जाणाऱ्या पोरांसाठी ओडीके किंवा कोबोटूलबॉक्स बघा. ओडीके हे मुक्तस्रोत सॉफ्टवेअर, वॉशिंग्टन विद्यापीठात जन्मलेलं. कोबो त्याच घराण्यातलं, हार्वर्डच्या मानवतावादी कामाच्या विभागातून आलेलं. आपत्तीत मदत करणाऱ्या संस्थांसाठी बनवल्यामुळे नेट नाही हे गृहीत धरूनच त्याची रचना आहे. अँड्रॉइड फोनवर एकदा फॉर्म उतरवून घेतला की दिवसभर मळ्यात भरत बसा. संध्याकाळी गावात आलं की सगळं वर जातं.

तुमच्या कामाला दोन गोष्टी महत्त्वाच्या आहेत.

पहिली, एका शेतकऱ्याचे अनेक प्लॉट. एकाचे दोन गटांत तीन तुकडे, वाण तीन: एकात थॉमसन, एकात सोनाका, एकात क्रिमसन. गूगल फॉर्ममध्ये 'आणखी एक प्लॉट जोडा' असं बटणच नाही. मग तुम्ही 'प्लॉट १', 'प्लॉट २', 'प्लॉट ३' असे सगळे प्रश्न पुन्हा पुन्हा लिहिता, आणि चौथा प्लॉट असलेला शेतकरी अडकतो. शीट आडवी वाढत जाते आणि 'सगळ्या थॉमसनचं एकूण क्षेत्र किती' एवढं काढायलाही घाम फुटतो. ओडीकेत प्रश्नांचा गट हवा तितक्या वेळा उघडता येतो. माहिती बाहेर काढली की सभासदांचं एक पान आणि प्लॉटचं वेगळं पान मिळतं, एकमेकांना क्रमांकाने जोडलेलं. पैसे देऊन घ्यायचं असेल तर झोहो फॉर्म्समध्ये 'सबफॉर्म' नावाने हीच सोय आहे. झोहो आपल्या चेन्नईची कंपनी, माहिती भारतातल्या केंद्रात ठेवता येते आणि त्यांच्या मोबाइल अ‍ॅपवर नेटशिवाय भरताही येतं.

दुसरी, जागा. ओडीकेत प्लॉटवर उभं राहून जीपीएसचा बिंदू घेता येतो. उपग्रहाला मोबाइलची रेंज लागत नाही. अचूकता किती मीटरची आहे तेही पडद्यावर दिसतं. पोरांना सांगून ठेवा, आकडा खाली येईपर्यंत थांबायचं, आणि घराच्या ओट्यावर बसून बिंदू घ्यायचा नाही!

फॉर्म बनवायचा तो एक्सेलमध्ये. एका पानावर प्रश्न, दुसऱ्यावर पर्याय. एका रकान्यात प्रश्नाचा प्रकार, एकात आतलं नाव, एकात मराठी मजकूर. शेजारच्या रकान्यात इंग्रजी मजकूर टाकला की तोच फॉर्म दोन भाषांत तयार.

द्राक्षबाग

फिरस्ता दादा, हे शिकायला किती अवघड? आमच्या ऑफिसात मी आणि एक बीकॉम झालेला मुलगा. कोडिंग कुणालाच येत नाही.

फिरस्ता

ज्याला एक्सेलमध्ये 'जर-तर' लिहिता येतं त्याला जमतं. एक मात्र बघून घ्या. कोबो मुळात सेवाभावी संस्थांसाठी आहे आणि तुम्ही कंपनी आहात, भले शेतकऱ्यांची असाल. त्यांच्या अटी वाचून कोणती योजना लागू होते ते आधीच विचारा. ओडीकेचं सर्व्हर-सॉफ्टवेअर स्वतःच्या सर्व्हरवर फुकट बसवता येतं, पण ते सांभाळायला माणूस लागतो.

एक्सेलशीट

प्लॉटच्या मुद्द्यावर हार मानतो. गूगल फॉर्मचं ते खरंच दुखणं आहे.

हळदीचा_बाजार

मी सांगलीकडची. क्षेत्राचा प्रश्न कसा विचारणार आहात? कारण कुठलंही महागडं सॉफ्टवेअर घेतलं तरी घोळ इथेच होतो.

शेतकरी लिहितो '२.२०'. त्याच्या मनात असतं दोन एकर वीस गुंठे, म्हणजे अडीच एकर. शीट वाचते दोन पूर्णांक दोन दशांश एकर, म्हणजे दोन एकर आठ गुंठे. प्रत्येक प्लॉटमागे बारा गुंठे हवेत गेले. दुसरा लिहितो '२.५'. हे अडीच एकर की दोन एकर पाच गुंठे? त्यालाच विचारावं लागतं. तिसरा सातबारा समोर धरून '०.८०' लिहितो. सातबाऱ्यावर क्षेत्र हेक्टर-आरमध्ये असतं, म्हणजे ते ८० आर, साधारण दोन एकर. तुम्ही एकर समजलात तर ३२ गुंठ्यांचाच हिशेब लागतो.

त्यामुळे एक रकाना ठेवूच नका. 'एकर' वेगळा, 'गुंठे' वेगळा, आणि गुंठ्याला अट: ० ते ३९, कारण ४० झाले की पुढचा एकर. सातबाऱ्यावरचं क्षेत्र हवंच असेल तर हेक्टर आणि आर असे आणखी दोन. दोन्हींची तुलना शीटमध्ये करा. एक आर म्हणजे जवळजवळ एक गुंठाच, त्यामुळे फार फरक दिसला की समजा कुठेतरी गडबड आहे, नाहीतर पोटखराबा, म्हणजे लागवडीखाली न येणारा तुकडा, आहे.

खडूस

या ताईंचा प्रतिसाद धाग्याच्या डोक्यावर चिकटवा कुणीतरी.

गोदाकाठ

वाचनखूण साठवली.

अवांतर: सातबाऱ्यावर नाव आजोबांचं, बाग नातू करतो, आणि पैसे सुनेच्या खात्यावर जातात. 'शेतकऱ्याचे नाव' या एका प्रश्नाला ही तीन उत्तरं आहेत. फॉर्ममध्ये 'सातबाऱ्यावरचं नाव', 'बाग कोण बघतं' आणि 'सभासद कोण' हे वेगळे विचारा. आणि गावाचं नाव टाइप करू देऊ नका. लोक नुसतं 'सुकेणे' लिहितात. दिंडोरीत खडक सुकेणे, निफाडात कसबे सुकेणे आणि मौजे सुकेणे. 'पालखेड'चंही तेच. आधी तालुका निवडायचा, मग त्या तालुक्यातल्या गावांची यादी उघडली पाहिजे.

फिरस्ता

अगदी. ओडीकेत पर्यायांच्या पानावर प्रत्येक गावासमोर तालुका लिहायचा, की यादी आपोआप गाळली जाते. गूगल फॉर्ममध्ये प्रत्येक तालुक्यासाठी वेगळा भाग करावा लागतो. दोन-तीन तालुके असतील तर चालून जातं.

एक्सेलशीट

अंकांवरून एक आठवलं. मराठी कीबोर्ड लावलेला सभासद मोबाइल नंबर देवनागरी अंकांत लिहितो. मी वर ज्या अटी सांगितल्या त्या सरसकट 'अंक' या खुणेने लिहिल्या, तर गूगल फॉर्म फक्त इंग्रजी अंक मोजतो आणि बरोबर नंबरलाही 'चूक' म्हणतो. शेतकरी वैतागतो आणि फोन ठेवून देतो. अट लिहिताना चौकटी कंसात इंग्रजी शून्य ते नऊ आणि मराठी शून्य ते नऊ दोन्ही द्या, नंतर शीटमध्ये एकसारखे करून घ्या. आणि चूक दाखवणारा संदेशही स्वतः मराठीत लिहा: 'कृपया दहा अंकी मोबाइल नंबर लिहा. सुरुवातीला शून्य किंवा ९१ नको.' ओडीकेत मजकुराचा प्रकार ठेवून त्याला 'numbers' हे रूप दिलं की आकड्यांचाच कीपॅड उघडतो, हा त्रास बराच कमी होतो. पूर्णांकाचा प्रकार नको, त्यात दहा अंक बसत नाहीत.

माहिती उतरवतानाही एक खाच आहे. सीएसव्ही (साध्या मजकुरातली तक्त्याची) फाइल दुहेरी क्लिकने एक्सेलमध्ये उघडली की मराठीच्या जागी भलत्याच खुणा दिसतात. माहिती गेली असं समजून रडत बसू नका. 'डेटा' टॅबमधून फाइल आत घ्या आणि अक्षरांची पद्धत म्हणून यूटीएफ-८ निवडा. किंवा सरळ एक्सेलच्या साच्यात उतरवा.

मडगावकर

मी गोव्यात होमस्टे चालवतो. तुमच्यापेक्षा अगदी उलटी गरज: माझे पाहुणे सगळे स्मार्टफोनवाले, घाईतले, आणि दिसायला छान हवं असणारे. अशा ठिकाणी एका वेळी एकच प्रश्न दाखवणारे टाइपफॉर्मसारखे फॉर्म शोभतात, लोक शेवटपर्यंत भरतात. तुमच्या फिल्डवरच्या मुलांना तो नखरा नको. त्यांना दहा प्रश्न एका पानावर दिसले की काम उरकतं.

अशा सॉफ्टवेअरांचं भाडं बहुतेक वेळा महिन्याला किती उत्तरं आली यावर असतं. फुकट योजना बघून भुलू नका. तुमची साडेचारशे उत्तरं एका आठवड्यात येणार आणि मग वर्षभर शुकशुकाट. महिन्याची मर्यादा पहिल्याच दिवशी संपते. टॅली नावाचं बेल्जियमचं एक आहे, ते फुकटातही उत्तरांवर मर्यादा घालत नाही. पण नेट लागतंच.

दुसरं म्हणजे कार्ड. १ ऑक्टोबर २०२१ पासून रिझर्व्ह बँकेचे आपोआप-वसुलीचे नियम लागू झाले, तेव्हापासून परदेशी कंपन्यांचं मासिक भाडं भारतीय कार्डावरून कधी जातं, कधी अडकतं. ऐन हंगामात फॉर्म बंद पडलेला परवडणार आहे का, विचार करा. घ्यायचंच तर वर्षाचं एकदम भरा.

काळा_कोट

उशिरा आलो. कायद्याचं थोडं, कारण तुम्ही सातबारा मागताय आणि पुढे बँक खातंही मागालच.

डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा २०२३ चा. नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आले आणि टप्प्याटप्प्याने लागू होत आहेत. बहुतेक जबाबदाऱ्यांना अठरा महिन्यांची मुदत आहे. तुमच्या कामापुरता अर्थ असा: माहिती कशासाठी घेताय ते साध्या भाषेत आधी सांगायचं, त्याच कामाला वापरायची, आणि संमती जितक्या सहज दिली तितक्याच सहज मागे घेता आली पाहिजे. ही सूचना इंग्रजीत किंवा संविधानाच्या आठव्या अनुसूचीतल्या भाषेत वाचायचा पर्याय द्यावा लागतो. मराठी त्यात आहेच. म्हणजे फॉर्मच्या डोक्यावर चार मराठी वाक्यं लिहिणं हे पुढे-मागे करावंच लागणार आहे, तर आत्ताच लिहा. माहिती नीट न सांभाळल्याबद्दल दंडाची कमाल मर्यादा २५० कोटी आहे. तुम्हाला कुणी तेवढा लावणार नाही, पण संचालक मंडळाला सांगायला आकडा उपयोगी पडतो.

आधार क्रमांक मागू नका. सभासद क्रमांक तुमच्याकडे आहे, ओळख पटवायला तो पुरे. अगदीच लागला तर मास्क केलेलं आधार, ज्यात शेवटचे चार अंकच दिसतात. बँक खातं या फॉर्ममध्ये नको. पैसे द्यायची वेळ येईल तेव्हा वेगळं घ्या, आणि ती शीट हिशेब बघणाऱ्यालाच उघडू द्या.

आणि मडगावकर, टाइपफॉर्मचं नाव काढलंत म्हणून सांगतो. २०१८ च्या जूनमध्ये त्यांच्याकडच्या जुन्या बॅकअपमधून अनेक ग्राहकांच्या फॉर्मची माहिती बाहेर गेली होती. कंपनी वाईट होती असं माझं म्हणणं नाही. मुद्दा असा की काम संपल्यावर माहिती तिथून काढून टाकली असती, तर तेवढी तरी वाचली असती.

खडूस

वकीलसाहेब, फुकट सल्ला! आज सूर्य कुठे उगवला?

काळा_कोट

पश्चिमेला. बिल मागाहून पाठवतो.

एक्सेलशीट

कायद्याला जोडून गूगलवाल्यांसाठी: भरायची लिंक आणि बदलायची लिंक वेगळ्या असतात. बदलायची लिंक सगळ्यांना खुली असेल आणि ती चुकून ग्रुपवर टाकली, तर कुणीही प्रश्न पुसू शकतो. 'उत्तरांचा सारांश दाखवा' बंद ठेवा, नाहीतर भरणाऱ्याला बाकीच्यांच्या उत्तरांचा गोषवारा दिसतो. आणि उत्तरांची शीट 'लिंक असलेल्या कोणालाही' अशी उघडी टाकू नका.

द्राक्षबाग | शुक्रवार, दुपारी ३.३०

सगळ्यांचे आभार. बरंच ठरलंय, ते इथे टाकते, म्हणजे अजून काही खटकलं तर सांगाल.

परदेशी सॉफ्टवेअर बाद. संचालकांना साडेचारशे उत्तरांचा एका महिन्याचा हिशेब दाखवला, ते स्वतःच 'राहू दे' म्हणाले.

प्लॉटची माहिती फिल्डवरची पोरंच भरणार, ओडीकेवर. एका संचालकांचा मुलगा पुण्यात सॉफ्टवेअरमध्ये आहे, तो सर्व्हर लावून देतो आणि सांभाळतोही म्हणाला. सभासदांनी स्वतः भरायचा गूगल फॉर्म अगदी छोटा: सभासद क्रमांक, मोबाइल, पोरं कधी आली तर चालेल. फोटो नाही, त्यामुळे लॉगिनही नाही. सातबाऱ्याचा फोटो पोरं प्लॉटवरच काढतील. सरकारच्या ई-पीक पाहणीमुळे (पिकाची नोंद शेतकऱ्याने स्वतः अ‍ॅपवर करायची) शेतात उभं राहून फोनवर माहिती भरणं लोकांना नवीन नाही. उलट विचारतात, 'हे पण सरकारी का?' म्हणून पहिलं वाक्यच तसं लिहिलंय: 'ही माहिती कंपनीसाठी आहे. सरकारी योजनेशी किंवा अनुदानाशी हिचा संबंध नाही.'

एकर आणि गुंठे वेगळे केले. पहिल्याच दिवशी एका काकांनी गुंठ्यात '५०' सांगितलं, फॉर्मने घेतलं नाही. पोराने विचारल्यावर कळलं की दोन भावांचं मिळून सांगत होते.

एक शंका: छाटणीची तारीख आत्ता नाही. ती महिन्या-दीड महिन्यांत एकेका प्लॉटची येत जाणार. त्यासाठी पुन्हा सगळा फॉर्म भरायचा का?

फिरस्ता

नाही. वेगळा छोटा फॉर्म करा, फक्त तीन प्रश्न: सभासद, त्याचा प्लॉट, छाटणीची तारीख. पहिल्या फॉर्ममधून आलेली प्लॉटची यादी सीएसव्ही म्हणून या दुसऱ्या फॉर्मला जोडता येते. पोराने सभासद निवडला की त्याचेच प्लॉट समोर येतील, गट नंबर पुन्हा टाइप करायला नको. मात्र प्रत्येक प्लॉटला स्वतःचा क्रमांक आत्ताच द्या, सभासद क्रमांकाला जोडून. नंतर दोन याद्या जुळवताना तोच धागा.

तारखेला अटही लावा: आजच्या पुढची चालणार नाही. कित्येक जण 'सोमवारी छाटणार' म्हणून सोमवारचीच तारीख सांगतात, आणि मजूर येतात गुरुवारी.

हळदीचा_बाजार

आणि तारीख विचारताना 'छाटणी सुरू' की 'छाटणी पूर्ण' ते स्पष्ट लिहा. मोठ्या बागेत तीन-चार दिवसांचा फरक पडतो.

द्राक्षबाग

'छाटणी सुरू' धरते. डोळे फुटायची पेस्ट लावायचं त्याच दिवसापासून चालू होतं, शेतकऱ्याला तीच तारीख पाठ असते. क्रमांकाचं आज संध्याकाळीच करून टाकते, अजून दोनच गावं झालीत.

एक्सेलशीट

ताई, पोरांच्या फोनवर 'आपोआप पाठवा' हे वाय-फायपुरतं आहे की मोबाइल डेटावरही, ते तपासा. ऑफिसला आल्याशिवाय वर जाणार नसेल तर फोन हरवला तर दिवसभराचं काम गेलं.

द्राक्षबाग

बघितलं. दोघांचं वाय-फायवरच होतं. बदललं.